ओ२ वर गेलं की उत्तर बदलतं: दोष कोडचा की कंपायलरचा, आणि रँडम प्रोग्रामने तो कसा शोधायचा

अंधेरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत वीज मोजणाऱ्या पॅनेलचं फर्मवेअर लिहिणाऱ्या एक इंजिनीअर विचारतात: आमचा कोड ओ० वर (ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करणारे बदल, बंद ठेवून) नीट चालतो, पण ओ२ लावलं (ते बदल चालू केले) की व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्याचा अलार्म वाजतच नाही. चिप ३२ बिटांची आहे आणि तिच्यासाठी कंपायलर (आमचा कोड चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) एकच, चिप विकणाऱ्या कंपनीचा. हा कंपायलरचा बग असेल का? शिवाय रँडम प्रोग्राम तयार करून कंपायलर तपासतात असं ऐकलं आहे. ते आमच्या चार जणांच्या टीमला जमेल का, की त्यातून निघणारे बग खऱ्या कोडमध्ये कधी भेटतच नाहीत?

आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही पाठवलेल्या ओळी पाहता या अलार्ममागे कंपायलर नसावा. पण तुमचा संशय वायफळ नाही. असा संशय कुणी बोलून दाखवला की आपल्याकडे 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणून लोक मोकळे होतात. मी तसं म्हणणार नाही, कारण मी इतकी वर्षं कंपायलरच्या बॅकएंडवर (चिपसाठीचा कोड काढणाऱ्या भागावर) काम करतो आहे आणि अंगण खरोखर वाकडं असलेलं पुष्कळदा पाहिलं आहे. फक्त ते वाकडं आहे हे सिद्ध करायची एक रीत आहे, आणि रँडम प्रोग्रामचं सगळं शास्त्र त्या रीतीतूनच उभं राहिलं आहे.

तुमच्या कोडपासून सुरुवात करू. तुम्ही १६ बिटांचा अनसाइन्ड (ऋण किंमत नसणारा) नमुना घेता, आरएमएस (व्होल्टेजची परिणामी किंमत) काढण्यासाठी 'नमुना गुणिले नमुना' ३२ बिटांच्या अनसाइन्ड बेरजेत मिळवता, आणि पुढच्याच ओळीत नमुना ६०,००० च्या वर असेल तर अलार्म लावता. दोन्ही संख्या अनसाइन्ड आहेत, म्हणजे ओव्हरफ्लोची (किंमत जागेत न मावण्याची) काळजी नाही, असं वाटतं. पण सी भाषेत १६ बिटांची संख्या गुणाकारात शिरण्याआधी इंट (सीचा नेहमीचा पूर्णांक प्रकार) होते, आणि ३२ बिटांच्या चिपवर इंट साइन्ड असतो, त्याची कमाल २,१४,७४,८३,६४७. ४६,३४० चा वर्ग त्यात मावतो, ४६,३४१ चा मावत नाही. साइन्ड ओव्हरफ्लो झाला की सीच्या प्रमाणाच्या (अधिकृत नियमावलीच्या) दृष्टीने प्रोग्रामला अर्थच उरत नाही. मग कंपायलरला असा तर्क करायची मुभा आहे: प्रोग्राम अर्थपूर्ण असेल तर ओव्हरफ्लो होत नाही, म्हणजे नमुना ४६,३४० च्या वर जात नाही, म्हणजे ६०,००० ची तपासणी कधीच खरी ठरत नाही, म्हणून ती काढून टाकली तरी चालेल. ओ० वर तो हा विचार करत बसत नाही, म्हणून तिथे अलार्म वाजतो.

गुणाकाराआधी नमुन्याला ३२ बिटांच्या अनसाइन्ड प्रकारात कास्ट करा, म्हणजे त्या प्रकारात बदलून घ्या. ६५,५३५ चा वर्गसुद्धा त्यात मावतो. बेरीज मात्र ६४ बिटांची ठेवा, नाहीतर दोन-चार मोठे नमुने आले की ती भरून वाहील. एवढं करून अलार्म परत वाजला तर विषय मिटला. नाही वाजला तर त्या फंक्शनचं असेम्ब्ली (कंपायलरने काढलेल्या चिपच्या सूचना) काढा आणि ६०,००० शी होणारी तुलना त्यात आहे की नाही ते डोळ्यांनी पाहा.

हे उदाहरण मुद्दाम सविस्तर मांडलं, कारण रँडम प्रोग्राम बनवणाऱ्यासमोरची मुख्य अडचण नेमकी हीच आहे. व्याकरणात बसणारा सी प्रोग्राम आपोआप तयार करणं अवघड नाही. कॉलेजातली मुलं दोन दिवसांत तसं जनरेटर लिहून आणतात आणि ओ० व ओ२ ची उत्तरं वेगळी आली की बग सापडला म्हणून आनंदतात. ते प्रोग्राम उघडले की कुठे शून्याने भागलेलं असतं, कुठे ३२ बिटांची संख्या ४० घरं सरकवलेली असते, कुठे व्हेरिएबलला किंमत देण्याआधीच ती वाचलेली असते. सी-९९, म्हणजे सीच्या १९९९ च्या प्रमाणात वर्तन अनिश्चित ठरवणाऱ्या अशा १९१ जागा आहेत. त्यातल्या एकीवरही पाय पडला की कंपायलरने दिलेलं कोणतंही उत्तर ग्राह्य ठरतं आणि तुमची तक्रार निकालात निघते. म्हणून या कामातली खरी कारागिरी म्हणजे ज्याचा अर्थ एकच निघतो असा प्रोग्राम बनवणं, आणि तो तसाच राहील याची शेवटपर्यंत राखण करणं. बाकी सगळं त्यानंतरचं.

दुसरी अडचण बरोबर उत्तराची. माणसाने लिहिलेल्या टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. मशीनने रात्रभरात बनवलेल्या हजारो प्रोग्रामांची उत्तरं कोण काढणार? यावरचा तोडगा विल्यम मॅकीमन यांनी १९९८ मध्ये डिजिटल कंपनीच्या नियतकालिकात नीट मांडला: एकच प्रोग्राम अनेक कंपायलरांना द्या आणि उत्तरं एकमेकांशी ताडून पाहा. झवेरी बाजारात एकच दागिना तीन सराफांना दाखवावा तसं हे आहे. दोघे बावीस कॅरेट म्हणाले आणि तिसरा अठरा, तर आधी तिसऱ्याची कसोटी तपासायची. सगळेच एकत्र चुकण्याची शक्यता उरते खरी, पण अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाच्या गटाने पुढे वर्षानुवर्षं ही तपासणी केली आणि बहुसंख्य कंपायलरांनी एकच चुकीचं उत्तर दिल्याचा एकही प्रसंग त्यांना आढळला नाही.

त्या गटाचं काम या क्षेत्रातला मैलाचा दगड आहे. शुएजुन यांग, यांग चेन, एरिक आइड आणि जॉन रेगर यांनी सीस्मिथ नावाचा जनरेटर बनवला आणि २०११ मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तीन वर्षांत त्यांनी वेगवेगळ्या कंपायलरांतले ३२५ हून अधिक बग नोंदवले. त्यात जीसीसीचे ७९ आणि एलएलव्हीएमचे २०२ (हे दोन सर्वत्र वापरले जाणारे मुक्त कंपायलर). जितके कंपायलर तपासले, त्यातला प्रत्येक कधी ना कधी कोसळला, आणि प्रत्येकाने कधी ना कधी गुपचूप चुकीचा कोडही काढला. पैशाने विकत घेतलेले कंपायलरही याला अपवाद नव्हते.

त्यांच्या निबंधातलं पहिलंच उदाहरण मी नव्या माणसाला नेहमी दाखवतो. फंक्शन तीन ओळींचं आहे. एक्स नावाचं साइन्ड कॅरेक्टर, त्यात १. वाय नावाचं अनसाइन्ड कॅरेक्टर, त्यात २५५. फंक्शन परत देतं 'एक्स वायपेक्षा मोठा आहे का' याचं उत्तर. दोन्ही आधी इंट होतात, १ काही २५५ पेक्षा मोठा नाही, उत्तर ० यायला हवं. उबुंटू ८.०४.१ सोबत आलेला जीसीसी १ देत होता, आणि तेही ऑप्टिमायझेशनच्या प्रत्येक पातळीवर, ओ० वरसुद्धा. मूळ जीसीसीत ही चूक नव्हती. उबुंटूच्या प्रतीवर बरेच पॅच चढवलेले होते. तुमच्या चिपसोबत येणारा कंपायलर हा बहुधा असाच कुठल्यातरी मूळ कंपायलरवर पॅच चढवून केलेला असतो. 'जीसीसी जग वापरतं, त्यात काय बग असणार' हा युक्तिवाद त्याला लावता येत नाही.

सीस्मिथ अनिश्चित वर्तन टाळतो तरी कसा? काही गोष्टी तो बनवतानाच विश्लेषण करून टाळतो. उदाहरणार्थ, मेलेल्या व्हेरिएबलकडे बोट दाखवणारा पॉइंटर तो वापरत नाही. अंकगणितासाठी मात्र तो प्रत्येक क्रिया एका सुरक्षित फंक्शनमध्ये गुंडाळतो. भागाकार करायचा असेल तर भाजक शून्य आहे का, किंवा सर्वांत लहान ऋण संख्येला उणे एकने भागलं जातंय का, हे ते फंक्शन आधी पाहतं. तसं असेल तर भागाकार न करता पहिली संख्याच परत देतं. प्रोग्राम संपताना सगळ्या ग्लोबल व्हेरिएबलांची मिळून एक चेकसम (सगळ्या किमतींवरून काढलेला एक पडताळणीचा आकडा) छापली जाते. दोन कंपायलरांच्या चेकसम जुळल्या नाहीत की काहीतरी बिनसलं आहे. प्रोग्राम थांबेलच याची हमी नसते, म्हणून वेळेची मर्यादा घालायची आणि अडकलेले सोडून द्यायचे.

प्रोग्राम किती मोठा असावा, याबद्दल नवख्या माणसाचा अंदाज हमखास चुकतो. लहान प्रोग्राम बरा, कारण बग सापडल्यावर वाचता येतो, असं वाटतं. पण कंपायलरचे बग बहुतेक वेळा दोन-तीन ऑप्टिमायझेशन एकमेकांत गुंतले की उगवतात आणि त्यासाठी कोडमध्ये गुंता हवा. यूटाच्या मोजणीत सरासरी ८१ किलोबाइटचे प्रोग्राम सर्वांत जास्त बग शोधून देत होते. छोटं करायचं काम नंतर वेगळ्या साधनाने करायचं, त्याकडे पुढे येतो.

आणखी एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. जीसीसीच्या स्वतःच्या टेस्टसोबत १०,००० रँडम प्रोग्राम चालवले तेव्हा ओळींचं कव्हरेज (कंपायलरच्या किती ओळी टेस्टमध्ये चालल्या त्याचं प्रमाण) अर्धा टक्कासुद्धा वाढलं नाही. म्हणजे बग ज्या ओळींत होते, त्या ओळी जुन्या टेस्टनीही चालवल्या होत्या. फक्त ज्या अवस्थेत त्या चालल्या की चूक उघड होते, ती अवस्था माणसाच्या कल्पनेत आली नव्हती. आपल्याकडे ऑडिटच्या वेळी कव्हरेजचा आकडा दाखवून 'टूलची पूर्ण तपासणी झाली' असं लिहून द्यायची पद्धत आहे. कंपायलरच्या बाबतीत तरी त्या आकड्यावर विसंबू नका.

सीस्मिथला मर्यादा आहेत. मूळ रूपात तो फ्लोटिंग पॉइंट, स्ट्रिंग, डायनॅमिक मेमरी यांच्या वाटेला जात नाही. शिवाय प्रत्येक बेरीज-वजाबाकीभोवती तपासणीचं कवच असल्यामुळे कंपायलरला मोकळं अंकगणित कमी दिसतं, आणि काही ऑप्टिमायझेशन जागीच होत नाहीत. व्सेवोलोद लिविन्स्की, दिमित्री बाबोकिन आणि रेगर यांच्या यार्पजेन या जनरेटरने यावर चांगला उपाय काढला: प्रोग्राम बनवतानाच प्रत्येक व्हेरिएबलची किंमत हिशोबात ठेवायची आणि जिथे ओव्हरफ्लो होणार असं दिसतं, फक्त तिथेच राशी बदलायची. कवचाची गरजच राहत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात जीसीसी, एलएलव्हीएम आणि इंटेलच्या कंपायलरातले २२० हून अधिक बग आहेत, आणि सीस्मिथने वर्षानुवर्षं धुंडाळलेल्या कंपायलरांत ते सापडले हे विशेष. कुठलाही एक जनरेटर काही काळाने आटतो, कारण त्याला सुचण्यासारखं सगळं सुचून झालेलं असतं. म्हणून दोन्ही चालवा. आणि प्रत्येक प्रोग्रामला काही सुविधा रँडम पद्धतीने बंद ठेवा, म्हणजे कधी पॉइंटर नाहीत, कधी लूप नाहीत. ऐकायला उलटं वाटतं, पण २०१२ च्या एका प्रयोगात एवढ्याच बदलामुळे कंपायलर कोसळण्याच्या ४२ टक्के जास्त वेगळ्या तऱ्हा सापडल्या. सगळ्या सुविधा प्रत्येक प्रोग्राममध्ये कोंबल्या की त्या एकमेकींना झाकून टाकतात.

आता तुमची खरी अडचण. तुमच्या चिपला कंपायलर एकच, मग दुसरा सराफ आणायचा कुठून?

पहिली सोय म्हणजे त्याच कंपायलरच्या वेगवेगळ्या पातळ्या. ओ०, ओ१, ओ२ आणि आकारासाठीची ओएस यांना एकच प्रोग्राम द्या. ऑप्टिमायझरमधल्या चुका यातून निघतात. फ्रंटएंडची (कोड वाचून त्याचा अर्थ लावणाऱ्या भागाची) चूक सगळ्या पातळ्यांवर सारखीच असते, ती वर सांगितलेल्या उबुंटूच्या उदाहरणासारखी निसटून जाते. तिच्यासाठी पीसीवरचा जीसीसी आणि क्लँग (एलएलव्हीएमचा सी कंपायलर) साक्षीला घ्या, पण ३२ बिटांच्या मोडमध्ये, म्हणजे इंट आणि पॉइंटर दोन्ही चार बाइटांचे होतील. सीस्मिथ ज्या फोल्डरमध्ये चालतो तिथे तो इंट आणि पॉइंटरची रुंदी लिहिलेली एक छोटी फाइल ठेवतो. तीही तुमच्या चिपप्रमाणे बदला. बिटफील्ड, युनियन आणि पॅक्ड स्ट्रक्चर बंद ठेवा, कारण त्यांची मेमरीतली मांडणी कंपायलरच्या मर्जीवर असते आणि तिथला फरक म्हणजे बग नव्हे.

दुसरी सोय मला तुमच्यासाठी जास्त मोलाची वाटते, कारण ती तुमच्याच कोडवर चालते. वू ले, मेहरदाद अफशारी आणि झेंडोंग सू यांनी २०१४ मध्ये ती मांडली. तुमचं फर्मवेअरमधलं एखादं मॉड्यूल घ्या, समजा हार्मोनिक्स काढण्याचं. त्याला एक ठरावीक इनपुट द्या आणि कुठल्या ओळी चालल्या, कुठल्या नाही, हे टिपून ठेवा. आता न चाललेल्या ओळी रँडम पद्धतीने खोडा. त्या इनपुटसाठी उत्तर बदलायला नको, कारण ज्या ओळी चालल्याच नाहीत त्या असल्या काय नि नसल्या काय. पण कंपायलरला कुठल्या ओळी चालणार हे ठाऊक नसतं. ओळी गेल्यामुळे त्याचं विश्लेषण बदलतं, इनलाइनिंग (फंक्शनचा कोड बोलावल्या जागीच उतरवणं) बदलतं, रजिस्टरांची वाटणी बदलते. उत्तर बदललं तर चूक त्याची. इथे दुसरा कंपायलर लागत नाही आणि अपेक्षित उत्तरही आधी माहीत असावं लागत नाही. एवढ्या साध्या कल्पनेवर त्या तिघांनी जीसीसी आणि एलएलव्हीएममध्ये मान्य झालेले १४७ बग काढले. पुढे याच विचाराने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये अॅलिस्टर डोनाल्डसन यांच्या गटाने मोबाइलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधले शेडर कंपायलर तपासले. ओळी खोडण्याची ही युक्ती वापरायची तर तुमचं मॉड्यूल आधी सॅनिटायझर (चालताना अनिश्चित वर्तन पकडणारी तपासणी) लावून पीसीवर निर्दोष चालायला हवं. ज्या कोडमध्ये मघाचा वर्ग करणारा ओव्हरफ्लो आहे, त्यावर ही युक्ती लावून काहीच सिद्ध होत नाही.

व्होलाटाइलबद्दल (प्रत्येक वाचणं-लिहिणं जसंच्या तसं करायला कंपायलरला सांगणाऱ्या सीमधल्या शब्दाबद्दल) वेगळं सांगायला हवं, कारण तुम्ही हार्डवेअरच्या रजिस्टरांशी थेट बोलता. आइड आणि रेगर यांनी २००८ मध्ये १३ व्यावसायिक दर्जाचे सी कंपायलर फक्त या एका गोष्टीसाठी तपासले आणि तेराही कंपायलरांत व्होलाटाइल व्हेरिएबल चुकीच्या रीतीने हाताळल्याची उदाहरणं सापडली. तिथे चेकसम पुरत नाही. किती वेळा वाचलं आणि किती वेळा लिहिलं हे मोजावं लागतं, आणि ते ओ० व ओ२ वर सारखं यायला हवं. एडीसीचं (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाचं) रजिस्टर एकदा वाचायचं असताना कंपायलरने दोनदा वाचलं, तर तुमचा एक नमुना हवेत जातो आणि कोड कितीही वेळा वाचला तरी कारण दिसत नाही. रजिस्टर वाचणं-लिहिणं छोट्या, इनलाइन न होणाऱ्या फंक्शनांतून करणं हा त्यांनीच सुचवलेला बचाव आहे. त्याने यातल्या बहुतांश चुका टळतात. वेगाचं थोडं नुकसान होतं, पण वीज मोजणाऱ्या पॅनेलमध्ये मी ते आनंदाने सोसेन.

समजा, सकाळी आलात आणि ८० किलोबाइटचा एक प्रोग्राम चेकसम जुळत नाही म्हणून बाजूला पडला आहे. तो वाचायला बसू नका. त्यातल्या दोन हजार ओळी निरर्थकच असतात. सी-रिड्यूस किंवा त्याचाच पायथनमधला नवा अवतार सी-व्हाइज घ्या. तुम्ही त्याला एक स्क्रिप्ट देता, जी 'बग अजून दिसतोय' किंवा 'दिसत नाही' एवढंच सांगते. तो प्रोग्राममधून एकेक तुकडा काढत जातो, फंक्शन उडवतो, व्हेरिएबलं एकत्र करतो, राशी सोप्या करतो, आणि दर पावलाला तुमच्या स्क्रिप्टला विचारतो. काही तासांत हजारो ओळींच्या जागी वीस-पंचवीस ओळी राहतात.

इथेच सर्वांत जास्त लोक घसरतात. रिड्यूसरला फक्त 'ओ० आणि ओ२ चं उत्तर वेगळं आलं पाहिजे' एवढंच सांगितलं, तर तो सोपी वाट धरतो. सुरक्षित भागाकाराचं कवच काढतो, व्हेरिएबलची पहिली किंमत खोडतो, आणि हातात देतो एक सुबक, आठ ओळींचा, पण अनिश्चित वर्तनाचा प्रोग्राम. उत्तरं त्याचीही वेगळी येतात, मात्र मूळ बगशी त्याचा संबंध उरलेला नसतो. म्हणून स्क्रिप्टने दर पावलाला सगळं पाहिलं पाहिजे: जीसीसी आणि क्लँग दोघांनी इनिशियलाइझ न केलेल्या व्हेरिएबलची किंवा रिटर्न नसलेल्या फंक्शनची वॉर्निंग दिलेली नाही, अनिश्चित वर्तनाच्या आणि मेमरीच्या सॅनिटायझरखाली प्रोग्राम पीसीवर गुपचूप पार पडतो, पीसीवरच्या दोन्ही कंपायलरांचं उत्तर एकच येतं, तुमच्या कंपायलरच्या ओ० चं उत्तरही तेच येतं, आणि फक्त ओ२ चं वेगळं येतं. यातली एकही अट गाळू नका. मी कुणाचाही बग रिपोर्ट पाहताना प्रोग्रामच्या आधी ही स्क्रिप्ट मागतो.

आता 'असे बग खऱ्या कोडमध्ये येतात का' हा प्रश्न. तो प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांतच द्यायला हवं. इम्पीरियल कॉलेजच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये हा नेमका प्रश्न तपासला. ४५ जुने बग घेतले आणि डेबियन या लिनक्स प्रणालीची ३०९ पॅकेजं, एकूण सुमारे एक कोटी ओळी, बग असलेल्या आणि नसलेल्या कंपायलरने बांधून पाहिली. रँडम प्रोग्रामांनी शोधलेल्या बगांपैकी जवळजवळ निम्मे बग कुठल्या ना कुठल्या पॅकेजच्या तयार कोडपर्यंत पोचले होते, पण पॅकेजांच्या टेस्ट चालवल्यावर अपयशं फक्त दोन. हे वाचून काहीजण म्हणतात, बघा, व्यर्थ खटाटोप. ते निबंधाचा दुसरा अर्धा भाग वाचत नाहीत. वापरणाऱ्यांना प्रत्यक्ष अडचण आली म्हणून नोंदवलेले बगही त्याच चाळणीतून काढले होते, आणि त्यांचा परिणाम याहून जास्त निघाला नाही. म्हणजे रँडम प्रोग्रामने सापडलेला बग हा माणसाला ठेच लागून सापडलेल्या बगपेक्षा हलका मानायला आधार नाही. खुद्द जीसीसीच्या देखभाल करणाऱ्यांनी सीस्मिथने सापडलेल्या बगांपैकी २५ ना सर्वोच्च प्राधान्य दिलं होतं, म्हणजे ते दुरुस्त झाल्याशिवाय आवृत्ती बाहेर काढायची नाही.

माझं मत याहून थोडं पुढे जातं. डेबियनची पॅकेजं रोज लाखो मशीनांवर चालतात, एखादा बग त्यांना नडला तर आठवड्यात बोंब होते आणि जीसीसीत तो दुरुस्तही होतो. तुमच्या चिपच्या कंपायलरचे वापरणारे मोजके. तुमचा नडलेला बग दुसऱ्या कुणाला नडून आधीच दुरुस्त झालेला असेल, ही शक्यता फार कमी. कंपायलर जितका कमी लोकांच्या हातातला, तितकी ही तपासणी स्वतः करण्याचं कारण मोठं.

बगच नाहीत असा कंपायलर मिळणार नाही का? गणिती सिद्धता असलेला कॉम्पसर्ट आहे. यूटाच्या गटाने त्यावर सहा सीपीयू-वर्षं खर्च केली आणि त्याच्या सिद्ध केलेल्या मधल्या भागात चुकीचा कोड काढणारा एकही बग त्यांना मिळाला नाही. बाकी कुठल्याच कंपायलरबद्दल त्यांना असं म्हणता आलं नाही. तुमच्या चिपला तो चालत असता तर मी तोच सुचवला असता.

यंत्रसामग्रीला फार पैसे लागत नाहीत. लॅमिंग्टन रोडला मिळणारे दोन-तीन जुने ऑफिस डेस्कटॉप पुरतात, कारण हे काम तुकड्यातुकड्यांनी वाटता येतं. ग्राफिक्स कार्ड लागत नाही, मेमरी मात्र बऱ्यापैकी घ्या. बोर्डावर प्रत्येक प्रोग्राम फ्लॅश करू नका. बऱ्याच मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये फ्लॅश १०,००० वेळा लिहिण्याची हमी असते आणि रँडम प्रोग्रामांना ती पुरणार नाही. कंपनीचा सिम्युलेटर असेल तर तो वापरा, नसेल तर प्रोग्राम रॅममध्ये उतरवून चालवा, आणि त्यासाठी सीस्मिथला फंक्शनांची संख्या व ब्लॉकची खोली कमी ठेवायला सांगा. कंपायलरच्या आत काय चालतं हे शिकायची टीममध्ये कुणाला हौस असेल तर पवईच्या आयआयटीत उदय खेडकर सरांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने केलेलं साहित्य शोधा. जीसीसीची अंतर्रचना इतक्या धीराने समजावून सांगणारं दुसरं काही आपल्याकडे मी पाहिलेलं नाही.

एका रात्रीत पन्नास प्रोग्राम बाजूला पडले, तर पन्नास बग मिळाले असं समजू नका. बहुधा दोन-तीनच असतात, पुन्हा पुन्हा भेटणारे. कंपायलर कोसळला असेल तर त्याच्या शेवटच्या संदेशावरून गट पाडा. चुकीचा कोड असेल तर एकेक ऑप्टिमायझेशन बंद करत कुठल्यापाशी उत्तर सुधारतं ते पाहा आणि त्यावरून गट पाडा. प्रत्येक गटातून एकच प्रोग्राम, सर्वांत छोटा, चिप कंपनीकडे पाठवा. सोबत कंपायलरची नेमकी आवृत्ती, पूर्ण कमांड, अपेक्षित आणि मिळालेलं उत्तर, आणि चुकीच्या असेम्ब्लीतली नेमकी ओळ. एकदम चाळीस रिपोर्ट टाकले की समोरचा माणूस एकही वाचत नाही. एक नीट केलेला रिपोर्ट दुरुस्त होऊन आला की पुढचा पाठवा.

दुरुस्ती येईपर्यंत फर्मवेअर थांबवायची गरज नाही. चूक ज्या ऑप्टिमायझेशनमध्ये आहे तेवढंच बंद करून बांधा, आणि तो छोटा प्रोग्राम तुमच्या रोजच्या बिल्डमध्ये टेस्ट म्हणून कायमचा ठेवा. सापडलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा सीड नंबर (ज्या आकड्यापासून जनरेटरने तो बनवला तो) जपता, तसा जनरेटरच्या आवृत्तीचाही जपा, कारण आवृत्ती बदलली की त्याच सीडमधून वेगळाच प्रोग्राम निघतो. मूळ फाइलही टाकून देऊ नका. कास्ट घातल्यावरही अलार्म वाजला नाही, तर त्या फंक्शनचं ओ० आणि ओ२ चं असेम्ब्ली दोन्ही पाठवा, मी ओळीने पाहतो.